सोसायटीची बोट

२००५च्या पुरानंतर बदलापुरातल्या एका नदीकाठच्या सोसायटीने इंजिनाची बोट घेतली. आज पुन्हा तळमजला बुडाला आणि जिन्याला बांधलेली बोट चालू होईना. समोरच्या चाळीच्या पत्र्यावर प्रमोदची आई अडकली होती. त्याने प्लग बदलला, वायर तपासली, तरी ठिणगी पडेना. सेक्रेटरी चिंतामणी त्याच्यावर छत्री धरून उभे होते.

“काका, इथली लाल दोरीची क्लिप कुठंय? ती लावल्याशिवाय करंटच येत नाही.”

“ती होय? सुटीच होती. मी जपून ठेवलीय, घाबरू नकोस.”

“मग द्या ना लवकर.”

चिंतामणींनी पाण्यात गेलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं.

“खाली ऑफिसात आहे, लोखंडी कपाटात. पुरात वाहून जाऊ नये म्हणून.”