पहिला तास

डॉ. वगदींनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. डावा हात नुकत्याच सुरू झालेल्या डायलिसिसच्या मशीनला जोडलेला, उजवा पोटावर. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "पुन्हा आंबेच का?"

"आंबेच, सर," रीहाम म्हणाली.

मूत्रपिंडाच्या आजारांवर काम करणाऱ्या नव्या संशोधकांसाठी कैरोहून एक अनुदान मिळतं. पीएचडीनंतर ठरावीक वर्षंच त्यासाठी अर्ज करता येतो, आणि रीहामचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती कागदोपत्री नवी राहणार नव्हती. अर्जाला पीएचडीच्या मार्गदर्शकाची, म्हणजे डॉ. वगदींची, शिफारस लागते. मुदत आज दुपारी संपत होती.

याआधी दोनदा त्यांनी कागद तसाच परत केला होता. जनुकांवर लिही, पैसा तिकडे आहे, असं सांगितलं होतं. आंब्यावर लिहिलंस तर समितीतले लोक चहा पिता पिता हसतील. त्यावर रीहामने म्हटलं होतं, की त्या लोकांनी ऑगस्टमधलं, आंब्यांनी भरलेलं आपलं इस्माइलिया शहर पाहिलेलं नाही.

तिचा प्रश्न साधा होता. आंब्यात पोटॅशियम फार, म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला तो वर्ज्य. पण मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात खाल्लेलं सगळं धुऊन निघतं, असं पेशंट एकमेकांना सांगतात आणि त्या तासात लपूनछपून खातात. हे खरं की खोटं, कुणी नीट तपासलेलं नव्हतं. खाताना ब्लडप्रेशर पडतं, एवढंच कारण देऊन डॉ. वगदींनी हा विभाग सुरू केला त्या दिवसापासून इथलं खाणं बंद ठेवलं होतं.

शिकाऊ असताना रीहाम त्यांच्या मागे राउंडला फिरायची. ते दारात थांबून एकदा श्वास आत घ्यायचे. मग थेट नेमक्या खुर्चीपाशी जाऊन तळहात पुढे करायचे. उम्म साब्री नावाच्या पेशंटने एकदा आंबा चपलेत लपवला होता, तोही त्या तळहातावर आला. जप्त केलेले आंबे बादलीत पडायचे. मग विभागभर त्यांचा आवाज घुमायचा आणि पेशंट माना खाली घालून हसायचे. तो आवाज ऐकून रीहामला किती वर्षं झाली होती. आता ते खिडकीजवळच्या खुर्चीत आठवड्यातून तीनदा बसत, आणि बोलले तर वाकून ऐकावं लागे.

"माझ्या आईची बाग होती," ते म्हणाले. "कालव्यापलीकडे. ती दुपारी ओवेसी आंबे माठाच्या पाण्यात टाकायची. आम्हा भावंडांचे शर्ट आधी काढून घ्यायची. मग देठ खुडून चोखत बसायचं, कोपरापर्यंत रस यायचा."

रीहामने घड्याळाकडे बघायचं टाळलं.

त्यांनी मान शेजारी वळवली. तिथे दुसऱ्या मशीनला जोडलेला अम्म बय्यूमी होता, कालव्यावरच्या फेरीबोटीच्या नोकरीतून निवृत्त झालेला. गळ्यापर्यंत चादर ओढून तो छताकडे बघत होता.

"ओवेसी की सुकरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय, डॉक्टर पाशा?"

"चादरीखालचा."

बय्यूमीने चादर घट्ट धरली. आसपासच्या खुर्च्यांवरच्या माना इकडे वळल्या.

"दोन महिने या वासात बसतोय," डॉक्टर म्हणाले. "मला काय नाक नाही? सगळे खाता. एकानंही म्हटलं नाही, वगदी, तू घेतोस का."

त्यांनी तळहात पुढे केला. तसाच, पूर्वीसारखा. बय्यूमीने आंबा काढून निमूटपणे त्यावर ठेवला.

"गेला बादलीत," तो पुटपुटला.

डॉक्टरांनी आंबा रीहामकडे दिला. "एका हाताने जमत नाही, पोरी. मऊ करून दे. अर्धाच खाईन, माझं पोटॅशियम मला ठाऊक आहे."

तिने आंबा दोन्ही हातांत दाबून दाबून मऊ केला, देठ खुडला. ते चोखू लागले. हनुवटीवरून रस मानेपर्यंत गेला, त्यांनी पुसला नाही. अर्धा झाल्यावर थांबले. नर्स इब्तिसाम दारात उभी होती. तिला म्हणाले, "दर दहा मिनिटांनी माझं प्रेशर घे आणि लिहून ठेव. हिला लागेल."

मग पेन मागितलं. शिफारशीच्या चौकटीत त्यांनी एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली. रीहामने वाचलं. 'या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. हिला शोधू द्या.' सहीशेजारी पिवळा अंगठा उमटला होता.

"समितीला चालेल हे?" तिने विचारलं.

"न चालायला काय झालं? जा आता, मुदत टळेल."

ती निघाली. दारापाशी पोहोचली तोच मागून वास आला, भरभरून, सगळीकडून. तिने वळून पाहिलं. डॉक्टर डोळे मिटून बसले होते, आणि पलीकडच्या कोपऱ्यापासून एकेका चादरीखालून आंबे बाहेर येत होते.