ज्येष्ठमधाची कांडी

“मेल्यांनी बाजार पार हायवेला नेला! मेथीच्या जुडीसाठी आता रिक्षा करायची का?” शेवंताकाकू अर्धा तास तोंडसुख घेत होत्या आणि नगराध्यक्षपदाचे उमेदवार दिगंबरराव खटावकर त्यांच्या ओसरीवर बसून मनातल्या मनात खूश होत होते.

पक्षाने त्यांना बजावलं होतं, “तुमच्यासमोर पुन्हा उभा राहिलेला आबा नगराध्यक्ष म्हणून लोकांचा लाडका आहे. त्याचं नाव घेऊ नका, फक्त निर्णयांवर बोला.” आठ दिवस त्यांनी तेच केलं. बोलून बोलून घसा बसला. आज मात्र राहवलं नाही.

“काकू, बाजार आबांनीच हलवला,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“छे! आबा देवमाणूस. साहेबलोकांनी फसवून सही घेतली असेल.”

दिगंबररावांचा जळफळाट झाला. पंधरा वर्षं उभं राहून गटारं उपसून घेतली आपण, आणि देवमाणूस तो!

घरी आले तर आईने ज्येष्ठमधाची कांडी पुढे केली. “आबा देऊन गेला. म्हणाला, दिगूचा आवाज बसलाय, सभा कशा घेणार?”

कांडी भिरकावून द्यावी असं वाटलं, पण घशाची आग सोसवेना. त्यांनी ती दाढेखाली धरली. घशाला लगेच आराम पडला, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

“आई, तू तरी मत मलाच देशील ना?”

आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “तू आता बोलू नकोस बाळा. घशाला ताण पडतो.”