नूपुरच्या नावाने

"शेष, बौदी," बिश्वनाथबाबूंनी औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागूनच हात हलवला.

सहा वर्षं कोलकात्याच्या डमडममध्ये काढून 'बौदी' म्हणजे वहिनी हे अंगवळणी पडलं होतं, पण 'शेष' हा शब्द कालिंदीला अजून फसवायचा. मराठी कानाला शेष म्हणजे उरलेलं; इथे शेष म्हणजे संपलं. क्षणभर तिला हायसं वाटलं आणि मग अर्थ लागला.

"एक स्ट्रिप तो देखिए, दादा. नूपुर का है."

कालिंदीच्या मुलीला, नूपुरला, ल्युपस होता. अंगातली फौज अंगावरच उलटते, असा आजार. आधी सांधे धरतात, मग मूत्रपिंडांवर येतं. मलेरियाची म्हणून ओळखली जाणारी एक साधी गोळी चार वर्षं त्या फौजेला आवरून होती. रोज एक, न चुकता. घरात तीन गोळ्या राहिल्या होत्या आणि नव्या साथीमुळे शहर आज संध्याकाळी पाचपासून बंद होणार होतं. तरी कालिंदी आधी दूध, डाळ, तांदूळ घेऊन मग सावकाश इथे आली होती. हे तिचं नेहमीचं दुकान. तिच्या गोळ्या इथून कुठे पळून जाणार होत्या?

बिश्वनाथबाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "लेकिन बौदी, आपका तो कल ही ले गया."

"कौन ले गया?"

"आप ही का लोग. दस-बारह आदमी आया. सब मोबाइल में नूपुर का प्रेसक्रिप्शन दिखाया."

कालिंदीने पिशवी खाली ठेवली.

तो फोटो तिनेच टाकला होता, शनिवारी, 'डमडम मराठी कट्टा'वर. ग्रुपवर सकाळी एक मेसेज फिरत आला होता: ही गोळी घ्या, नवा आजार जवळ फिरकणार नाही. खाली परदेशातल्या कुणा डॉक्टरचं नाव, त्याखाली 'किमान पन्नास जणांना पाठवा'. बँकेतून निवृत्त झालेल्या प्रभाकररावांनी विचारलं, कुणाला अनुभव आहे का? कालिंदीने लिहिलं, आमची नूपुर चार वर्षं घेतेय, काही त्रास नाही. मग नेमकं नाव काय, किती पॉवरची, मिळते कुठे. परमुलखात आपल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? तिने सरळ डॉक्टरांच्या चिठ्ठीचाच फोटो टाकला आणि खाली ह्या दुकानाचा पत्ता. धडाधड अंगठे आले. मृणालने लिहिलं, 'ताई, तुम्ही आहात म्हणून आधार वाटतो.'

कालिंदीला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. एरवी नूपुरच्या दुखण्याचा विषय काढला की ग्रुपवर सामसूम व्हायची.

"मैं सोचा, बंद में बौदी को तकलीफ ना हो, इसलिए सब लोग मिलके उठा रहा है," बिश्वनाथबाबू सांगत होते. "रात को घर जाके वाइफ को भी बोला, देखो, मराठी लोग में कितना मेल है. एक लड़की के लिए इतना लोग लाइन दिया. हमारा मोहल्ला में कोई नहीं करेगा."

ते मनापासून बोलत होते. त्यांना खरं काय ते सांगायची कालिंदीला लाज वाटली. "हाँ, घर पे रखा होगा किसी ने," असं काहीतरी पुटपुटून ती बाहेर आली आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून तिने प्रभाकररावांना फोन लावला.

"काका, मी कालिंदी. तुम्ही नूपुरच्या गोळ्या घेतल्यात ना? त्यातल्या दोन पट्ट्या द्या. मी आत्ता येऊन घेऊन जाते."

पलीकडे टीव्ही चालू होता. त्याचा आवाज कमी झाला.

"अगं, आमच्याकडे जेमतेम सहा पट्ट्या आहेत. आम्ही दोघं साठीच्या पुढची. शिवाय आमच्या अजेयच्या सासू-सासऱ्यांना दोन द्यायच्यात, शब्द दिलाय."

"काका, तिला रोज लागते. खंड पडला तर किडनीवर येईल, डॉक्टरांनी बजावून ठेवलंय."

"कळतं गं मला. मुलीसारखीच आहे ती आम्हाला. पण तू असा विचार कर," मुदत ठेव मोडायला आलेल्या गिऱ्हाइकाला समजवावं तसा त्यांचा आवाज मऊ झाला, "नूपुरच्या अंगात चार वर्षांची साठलेली आहे. आमच्या अंगात अजून एकही नाही."

ह्या माणसाच्या एकसष्टीला कालिंदीने पहाटे उठून साठ माणसांच्या पुरणपोळ्या लाटल्या होत्या. आता चांगलं खरमरीत ऐकवायचं, राहिला संबंध तर राहिला, नाहीतर गेला. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात फोन पलीकडे दुसऱ्या हातात गेला.

"कालिंदी, बरी सापडलीस," सुमनकाकू म्हणाल्या. "तुलाच विचारणार होते. आज सुरू करतोय आम्ही. नूपुर ही गोळी जेवणाआधी घेते की नंतर?"

रस्त्यापलीकडे तांदळाच्या दुकानात कुणीतरी कुणावर ओरडत होतं.

"जेवणानंतर," कालिंदी म्हणाली. "उपाशीपोटी घेऊ नका, मळमळतं."