साक्षीला कोण?

इच्छामरणाच्या अर्जाला साक्षीदार कोण, हे मेंदू वाचणारं यंत्र ठरवायचं. कॅन्सरने खंगलेल्या दिगंबररावांसाठी त्याने या वेळी बायकोला वगळून त्यांच्या ऑफिसातल्या कुमुद कर्णिकला निवडलं. आत कुमुद त्यांचा हात धरून बसली होती आणि बाहेरच्या बाकावर हेमलताबाई जळत होत्या.

“तिच्यात असं काय आहे?” शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलंच.

“काहीच नाही. त्या बोलल्या तरी यांचा निर्णय हलत नाही. तुम्ही नुसतं ‘अहो’ म्हटलंत, की यंत्र दाखवतं, यांना जगायचंय. आधीचे दोन्ही अर्ज त्यामुळेच बाद झाले.”

हेमलताबाई आत गेल्या. नवऱ्याच्या पायाशी बसल्या आणि ओठांवर आलेलं ‘अहो’ त्यांनी गिळलं.