केसभर सरकलेला ठसा

नाण्याच्या साच्यावर ठसा दोनदा दाबायचा असतो. दुसऱ्या खेपेला तो केसभर सरकला आणि टाकसाळीतल्या कारागिराच्या ते ध्यानातही आलं नाही. साहेबांनी तर पहिलंच नाणं भिंगाखाली धरून “काम चोख आहे” म्हटलेलं. नाणी बाजारात गेली, आणि एके दिवशी स्वतःच्याच पाकिटातल्या नाण्यावर त्याला आकडा दुहेरी दिसला. तेव्हापासून तो दुकानोदुकानी नोटा मोडत फिरत होता. बोभाटा होण्याआधी जमतील तेवढी नाणी गोळा करायची होती.

“टाकसाळीत कामाला, आणि चिल्लर माझ्याकडे मागता?” कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हसत गल्ला पुढे ओढला. “बघा काही उरलंय का. सकाळी तुमचे साहेब इथेच भिंग लावून एकेक नाणं निवडत बसले होते.”