हलता किडा

"अहो, हलू नका!" काठावरून बायको ओरडली.

हिमाचलातल्या नदीत मी कमरेभर पाण्यात ट्राउट मासे पकडत उभा होतो. वसंतातलं ऊन चढलं तसे पाण्यातून पंखवाले किडे उठले आणि माझ्या अंगावर बसले, पार मिशीपर्यंत. शपथेवर सांगतो, नदीतल्या झाडून साऱ्या ट्राउटनी माझ्याकडे तोंडं वळवली.

गळावरचा खोटा किडा हलला की मासा झेपावतो, आणि लहान मासा परत सोडायचा, हे बायकोला मीच शिकवलेलं. पण भीतीनं माझे गुडघे लटपटायचे थांबेनात. एका धुडानं माझी टोपी गिळली.

तेवढ्यात बायकोचा गळ माझ्या कॉलरमध्ये रुतला. तिनं मला काठावर ओढून न्याहाळलं. मागं ट्राउट ताटकळले होते.

"लहान आहे," ती म्हणाली. "परत सोडू?"