मागे नको

केनियाच्या जंगलात हत्तीण वाटेत आडवी उभी राहिली, तसा ड्रायव्हर लेमायान गाडी मागे घेऊ लागला. तेवढ्यात, पर्यटकांना गंमत म्हणून दिलेलं, प्राण्यांची भाषा उलगडणारं दुभाषी यंत्र मालविकाच्या कानात मराठीत बोललं, "मागे नको. मागे बाळ."

"थांबा!" ती ओरडली.

लेमायानने करकचून ब्रेक दाबला. हत्तिणीने बॉनेटवर सोंड आपटली. मालविकाने वाकून पाहिलं, तर मागच्या चाकापासून हातभर अंतरावर पिल्लू धुळीत लोळत होतं. बऱ्याच वेळाने पिल्लू उठून आईच्या पोटाखाली शिरलं आणि दोघं गवतात दिसेनाशी झाली.

"वाचलं बिचारं," मालविका म्हणाली.

लेमायानने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "मॅडम, पाच वर्षांपूर्वीही एक हत्तीण अशीच आडवी आली होती. तेव्हा हे यंत्र नव्हतं. मी गाडी मागे घेतली."